डुक्कर आणायची माझी पाळी

'एज ऑफ एम्पायर्स २' हा गाव वसवून, सैन्य उभारून समोरच्याला हरवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ १९९९ सालचा, त्याची नवी आवृत्ती आली २०१९ मध्ये. म्हणजे जगासाठी जुनाच. आमच्या बिल्डिंगसाठी मात्र गेल्या पावसाळ्यात नवा कोरा होता. हॉलचं छत गळायला लागलं, बॅडमिंटन बंद पडलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या अकरावीतल्या पोरानं आम्हा पाच मोठ्यांना हे खूळ लावलं. आता दर शनिवारी रात्री साडेनऊला ज्याच्या त्याच्या घरी लॅपटॉप उघडतात आणि हेडफोनमधून पहिला प्रश्न येतो, "काका, आवाज येतोय का?"

काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. मी अकाउंट्समध्ये. आम्ही दोघंही आयुष्यात असलं काही खेळलो नव्हतो.

सामना सुरू होताना हाताशी येतात तीन गडी, एक वाडा (खेळातलं 'टाउन सेंटर') आणि एक घोड्यावरचा टेहळ्या. (खेळात 'व्हिलेजर' म्हणतात, आम्ही गडी म्हणतो. काम न करता उभा असेल तो रिकामटेकडा.) नवा गडी हवा तर ५० अन्न आणि २५ सेकंद. एका घरात पाच जण मावतात. घर नसेल तर वाड्यातून माणूस बाहेर पडत नाही. मेंढरांचं शंभर-शंभर अन्न मिळतं, पण खरं घबाड म्हणजे रानडुक्कर, एकाचं ३४०. फक्त ते स्वतःहून येत नाही. एका गड्यानं जाऊन बाण मारायचा, डुक्कर पिसाळलं की वाड्याकडे पळत सुटायचं आणि तिथं बाकीच्यांनी मिळून त्याला लोळवायचं.

माझ्या गड्यानं बाण मारला. पळायचं मी विसरले. तो गेला म्हणून घाईघाईनं दुसरा पाठवला, तोही गेला. तेवढ्यात पोराचं '११' आलं. या खेळात चॅटमध्ये ११ टाइप केलं की सगळ्यांच्या कानात खदाखदा हसू वाजतं. एरवी मी हसले असते. त्या आठवड्यात जीएसटीच्या रिटर्नांनी आधीच पिट्ट्या पाडला होता. मी लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला गेले.

रविवारी सकाळी काका दारात. "तुमच्या कालच्या खेळाचं रेकॉर्डिंग बघू या म्हणतो. चहा मी घेऊन आलोय." थर्मास खरंच हातात होता. मागून पोरगं, मान खाली.

प्रत्येक सामना मागाहून पुन्हा बघता येतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. पोरगं डुकरावर बोट ठेवून समजावू लागलं, "काकू, इथं पळायचं होतं." काकांनी त्याला थांबवलं. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. आधी त्यांचा वेगळाच वाद झाला होता: २५ सेकंद म्हणता, मग माझ्या घड्याळात पंधरा सेकंदांतच गडी कसा येतो? तर आमच्या सामन्याचा वेग १.७ असतो, खेळातलं घड्याळ तेवढं पुढे पळतं. हे समजल्यावरच त्यांचं समाधान झालं. वेळापत्रक जुळल्याशिवाय त्यांना पुढचं काही दिसत नाही.

"डुक्कर सोड," ते म्हणाले. "वाडा बघ."

मी डुकराच्या मागे होते तेव्हा वाडा नुसता उभा होता. घरं भरलेली, नवं बांधलेलं नाही. खेळातल्या घड्याळानं १२५ सेकंद. "एवढ्या वेळात स्टँडवरून एकही गाडी सुटली नाही," काका म्हणाले. मी मनातल्या मनात पंचवीसनं भागलं. मेले दोन, आणि जन्मलेच नाहीत पाच. रात्रभर मी रडत होते भलत्याच खात्यावर.

पोरालाही ते दिसलं नव्हतं, हे मला जरा बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

तेव्हापासून रविवारची बैठक सुरू झाली. शनिवारी खेळतो त्यापेक्षा रविवारी जास्त शिकतो. नियम दोनच. ज्याचा खेळ बघतोय त्यानं आधी बोलायचं, आणि ११ वर बंदी. बंदीचा प्रस्ताव काकांचा. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई पक्क्या शाकाहारी. त्यांना मेंढरं कापवत नाहीत म्हणून त्या गुर्जर घेतात. २०२२ मध्ये भारतातली राज्यं वाढवली त्यातलं हे एक, आणि यांना मेंढरं गिरणीत ठेवता येतात. ती जिवंत राहतात आणि अन्न येत राहतं. आम्ही त्यांना हसायचो. नंतर सगळ्यांनी एकदा तरी करून पाहिलं.

गेल्या शनिवारी तिघांविरुद्ध तिघं, नकाशा 'ब्लॅक फॉरेस्ट'. सगळीकडे घनदाट जंगल आणि मधून चिंचोळ्या वाटा. मी, डॉक्टरीणबाई आणि पोरगं एका बाजूला. वाटांवर दगडी तट घातला, मागं निवांत शेती. मी दोन डुकरं वाड्यावर आणली, एकही गडी न गमावता, आणि घरं वेळेवर. तासभर समोरून काही हालचाल नाही. काका केल्ट नावाचं राज्य घेऊन बसले होते, तेवढंच माहीत.

माझ्या शेतांच्या मागच्या बाजूला, जिथं तट नव्हता कारण झाडंच तट होती, एक झाड नाहीसं झालं. मग तीन. दगडफेकी यंत्रं जमिनीवर नेम धरून मारली की झाडं साफ होतात आणि केल्टांची यंत्रं इतरांपेक्षा भराभर मारा करतात, हे काकांनी कधी वाचलं कोण जाणे. जंगलातून सरळ रस्ता काढला होता त्यांनी. त्यावरून एकामागून एक यंत्रं येत होती, वेळापत्रकाप्रमाणे.

"काका, हे कधीपासून चाललंय?" पोरगं ओरडलं.

उत्तर आलं नाही. चॅटमध्ये काकांच्या नावापुढे ११ उमटलं आणि सगळ्यांच्या कानात ते खदाखदा हसू वाजलं.