शिबिरानंतर उद्योग का उभा राहत नाही?

ग्रामीण महिलांच्या उद्योजकता प्रशिक्षणाचे काम मी करते, हे कळल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: इतकी शिबिरे होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, मग उद्योग इतके कमी का दिसतात? तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते.

या बायकांना हिशेब येत नाही, हे उत्तर सर्वांत सोयीचे आहे आणि ते चुकीचे आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांची सहकारी बँक स्थापन करायची ठरली, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या बायका पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांपुढे ठेवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आकडेमोड त्यांना येतेच. त्या आकडेमोडीत त्यांची स्वतःची मजुरी मात्र कुठेच नसते.

शेंगदाण्याच्या चटणीचे उदाहरण घेऊ. एका बाईला पाच किलो चटणीसाठी शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, गॅस आणि पिशव्या मिळून नऊशे रुपये लागले, ती दोनशे वीस रुपये किलोने विकली, म्हणजे हातात दोनशे उरले आणि बचत गटाच्या बैठकीत तो नफा म्हणून सांगितला गेला. भाजणे, सोलणे, कुटणे, भरणे यांत एक दिवस गेला. त्याच दिवशी भांगलणीला गेली असती तर तिला तीनशे रुपये मिळाले असते, असे धरा. मग हा शंभर रुपयांचा तोटा आहे. पण घरातल्या कामाची मजुरी आजवर कोणी दिलेली नसल्याने ती मागायची असते हेच सुचत नाही, आणि आमचे बरेचसे अभ्यासक्रम याविषयी गप्प राहून चटणी कशी करावी हे तिलाच शिकवतात. (ती आमच्यापेक्षा चांगली करते, हा भाग वेगळा.)

शेळीपालनातही हेच घडते. शेळी कशी सांभाळायची हे तिला ठाऊक असते, पण व्यापारी नजरेने अंदाज करून बोकडाचा भाव ठरवतो. अशा ठिकाणी तीन दिवसांच्या व्याख्यानापेक्षा गटाने विकत घेतलेला एक वजनकाटा अधिक उपयोगी पडतो.

वेळापत्रकाबद्दल फार लिहीत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या गेलेल्या गावात दिवाळीपुढे शिबिर ठेवणाऱ्यांनी हजेरीची तक्रार करू नये.

खरी अडचण शिबिर संपल्यावर येते. मजुरी आणि एस.टी.चे भाडे धरून चटणीचा भाव अडीचशेच्या वर नेला की शेजारणी घेईनाशा होतात, कारण त्या घरीच करू शकतात. गिऱ्हाईक तालुक्याच्या बाजारात किंवा हमरस्त्यावरच्या ढाब्यावर शोधावे लागते. तिथे एकटीने जायला घरचे तयार होत नाहीत, आणि ढाबेवाला पैसे महिन्याने देतो. १९८२ मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे सुरू झालेल्या रुडसेटी संस्थेच्या धर्तीवर देशभर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करणे हा त्यांच्या पद्धतीचाच भाग आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. ढाबेवाल्याकडे पहिल्यांदा उधारीचे पैसे वसूल करायला जाताना प्रशिक्षिकेने सोबत जायला हवे. अनेक प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात त्या फेरीसाठी तरतूदच नसते.