तिवरांची उसंत

शिवडीच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी उभी राहिले की चिखलातून वर आलेली तिवरांची श्वसनमुळे दिसतात. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या गाळात श्वास मिळावा म्हणून ती आकाशाकडे वाढतात, आणि अंगात शिरलेले जादा मीठ तिवराची पाने बाहेर टाकतात. भरतीत बुडणाऱ्या या मुळांना दिवसातून साधारण दोनदा मिळणारी उसंत पाहताना मला हृदय आठवते. दिवसाला सुमारे १ लाख ठोके देणाऱ्या या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या शिथिल क्षणी मिळते, कारण आकुंचन पावताना त्याच्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात. विश्रांतीला मी इतकी वर्षे आळस मानत आले, याचे मला वाईट वाटते. हल्ली पहाटे जप करताना दोन नामांमधल्या शांततेपाशी मी क्षणभर थांबते, आणि दुरून येणारा पहिल्या लोकलचा आवाजही तिच्यात सामावून जातो.