खोक्यातली बटणं: मुस्तफाला दोन, पॅकमॅनला शून्य

पावसाळ्याआधी घरी बनवलेला व्हिडिओ गेमचा खोका उभा राहिला आणि चवथीपर्यंत बटणांत दिवे आले. मधल्या तीन महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवतोय. मुख्य म्हणजे स्वतःसाठीच, कारण पुढच्या खोक्याच्या वेळी यातलं निम्मं विसरलेलं असेन.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय (एमडीएफ, म्हणजे भुशाची दाबलेली फळी, घेऊ नका, डिचोलीच्या एका पावसात त्याचा पाव होतो), जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर, रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय. दोन जॉयस्टिक, प्रत्येकीला सहा बटणं, दोन स्टार्ट, एक कॉइन. म्हणजे पंधरा बटणं.

दिवे कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं. भोकं पाडून देणाऱ्या मेस्ताने तर रंगीत वायरींचा गुंता पाहून थेटच विचारलं, "हें कितें रे, चवथीची माटोळी?" (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची सजावट.) त्याला मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. लहानपणी म्हापशाला गेलो की एका दुकानात रुपयाचं नाणं टाकून मुस्तफा खेळायचो. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा १९९३ चा गेम, पण त्या नावाने तो मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्याला बटणं लागतात दोन, एक मारायचं आणि एक उडी. त्या दुकानातल्या खोक्यावर मात्र सहा होती, आणि कुठलं चालतं हे शोधण्यातच आठ आणे संपायचे. म्हणून मला इंद्रधनुष्य नको होतं. ज्या गेमला जी बटणं लागतात तेवढीच पेटावीत, बाकीची काळी राहावीत, एवढंच हवं होतं.

माझी बटणं स्वस्तातली, दिव्याची सोय असलेली. आत १२ व्होल्टचा टी-१० दिवा, स्कूटरच्या पार्किंगला असतो तसला. एकच रंग, आणि चालू किंवा बंद. ते पंधरा दिवे काढून प्रत्येक जागी डब्ल्यूएस २८१२बी चा एकेरी गोल पिक्सेल, म्हणजे हवा तो रंग देणारा छोटा एलईडी, बसवला. प्रत्येक पिक्सेलच्या पोटात स्वतःची चिप असते. ती आपल्या वाटणीचे २४ बिट ठेवून घेते आणि उरलेले पुढच्याला देते. त्यामुळे पंधरा दिव्यांना डेटाची एकच वायर पुरते. पंगतीत पातेलं पुढे सरकावं तसं.

एका बटणाचं काम जवळून सांगतो, कारण सगळा वेळ इथेच जातो. मायक्रोस्विच (बटणाखालचा छोटा स्विच) काढायचा, दिव्याचं होल्डर पकडीने हळूच पिळून बाहेर घ्यायचं, त्या नळीत पिक्सेल तोंड वर करून बसवायचा. मागे सोल्डरचे सहा डाग: पाच व्होल्ट आत-बाहेर, ग्राउंड (विजेची परतीची वाट) आत-बाहेर, डेटा आत-बाहेर. पिक्सेलच्या पाठीवरचा बाण बारीक असतो, भिंग लावूनच बघा. मी सातव्या बटणाला तो उलटा लावला, आणि सातपासून पुढचे सगळे मुके. डाग उकलताना तांब्याचा पट्टाच उचकटून हातात आला. तो पिक्सेल गेला.

जुलैतल्या हवेत आणखी एक त्रास. मायक्रोस्विचच्या पात्यांवर हिरवट पूड धरलेली दिसली. मे महिन्यात लख्ख होती. बारीक पॉलिश पेपरने घासली आणि क्लिपा थोड्या आवळून घट्ट बसवल्या. एक बटण मधूनच दोनदा दाबल्यासारखं वागायचं, ते यानेच सुधारलं. दिव्यांशी याचा काही संबंध नाही, पण पॅनल उघडलंच आहे तर हेही करून टाका.

दिवे थेट रास्पबेरी पायवरून का नाही चालवले? प्रयत्न केला होता. सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग जीपीआयओ १८ या पिनवरच्या पीडब्ल्यूएमचा, म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या सिग्नलचा, आणि ३.५ मिमीच्या जॅकचा आवाजही पीडब्ल्यूएममधूनच निघतो. माझे स्पीकर त्याच जॅकवर. दिवे लावले की गेम मुका. म्हणून वेगळा रास्पबेरी पाय पिको, एक छोटा कंट्रोलर बोर्ड, घेतला. त्यातला पीआयओ हा भाग स्वतंत्रपणे वेळ सांभाळतो. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे पंधरा दिव्यांना मिळून अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. बटणांचा यूएसबी एन्कोडर (कुठलं बटण दाबलं ते पायला कळवणारा बोर्ड) आहे तसाच ठेवला.

पहिल्या रात्री मात्र नुसता शिमगा. लाल मागितला तर हिरवा, आणि मधूनच सगळे पिसाट लुकलुकायचे. हिरव्याचं कारण सोपं, हे पिक्सेल लाल-हिरवा-निळा या क्रमाने नव्हे, तर हिरवा-लाल-निळा असे बिट घेतात. लुकलुकण्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी आमच्या वाड्यावर दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांना आणि मुकुटाला असल्याच पिक्सेलच्या माळा लावणारा एक पोरगा आला, दारातूनच वाकून बघितलं आणि म्हणाला, "ग्राउंड जोडला मरे?" नव्हता जोडला. पिकोला वीज यूएसबीतून, दिव्यांना वेगळ्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरमधून, आणि दोघांचं ग्राउंड वेगवेगळं. एक वायर टाकली आणि नव्वद टक्के वेड गेलं.

उरलेलं दहा टक्के पहिल्याच पिक्सेलचं. पिकोचा डेटा ३.३ व्होल्टचा. पाच व्होल्टवर चालणाऱ्या पिक्सेलला 'एक' म्हणून ओळखायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट हवेत. कधी चालतं, कधी नाही. सरळ मार्ग म्हणजे ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करून देणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप. माझ्याकडे ती नव्हती आणि कुरिअरची वाट बघायचा धीरही नव्हता. म्हणून एक जादा पिक्सेल सगळ्यांच्या पुढे लावला, त्याची वीज १एन४००१ डायोडमधून दिली. डायोड ०.७ व्होल्ट खातो, उरतात ४.३, आणि ४.३ चे ०.७ पट म्हणजे जेमतेम ३. आता ३.३ पुरतात, आणि तो पिक्सेल पुढच्याला डेटा देतो तो ४.३ व्होल्टचा. तो स्वतः पॅनलखाली काळाच बसून असतो. डेटाच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालायला विसरू नका.

जोडून झाल्यावर कळलं की क्रम उलटा आलाय. डाग देताना पॅनल पालथं होतं, त्यामुळे माझं डावं ते खेळणाऱ्याचं उजवं. वायरी उकलणार नाही म्हटलं, प्रोग्रॅममधले आकडेच फिरवले.

आता प्रोग्रॅम. रेट्रोपाय गेम सुरू करण्याआधी रनकमांड-ऑनस्टार्ट ही स्क्रिप्ट चालवतो आणि तिला तिसऱ्या जागी रॉमच्या, म्हणजे गेमच्या, फाइलचा पत्ता देतो. त्यातून नाव काढायचं, कुठल्या गेमला कुठली बटणं याच्या तक्त्यात शोधायचं आणि पंधरा अक्षरांची एक ओळ यूएसबीवरून पिकोला पाठवायची. पिकोला गेम माहीत नाहीत, फक्त अक्षरं माहीत आहेत. त्यामुळे नवा गेम घातला तर पॅनल उघडावं लागत नाही. एक गोम: स्क्रिप्ट संपेपर्यंत गेम थांबून राहतो. ओळ पाठवणारा पायथॉनचा प्रोग्रॅम उठून पोर्ट उघडेपर्यंत दोन सेकंद काळा पडदा दिसायचा. तो प्रोग्रॅम मागे चालू द्यायची खूण स्क्रिप्टमधल्या त्याच्या ओळीच्या शेवटी टाकली, काम झालं.

तक्ता भरणं हा यातला सगळ्यात मजेचा भाग. 'मेटल स्लग' निओ जिओ या गेमयंत्राचा, तिथले रंग ठरलेलेच आहेत: ए लाल, बी पिवळा, सी हिरवा, डी निळा. या गेमला डी लागत नाही, म्हणून ते काळं. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'ला सहाही हवीत, वरची ओळ ठोशांची आणि खालची लाथांची. प्रत्येक ओळीत हलका, मध्यम, जोरदार. रंगाऐवजी इथे उजेडाने जोर दाखवला. आधी २५५ पैकी २०, ४०, ६० असे आकडे दिले तर तिन्ही जवळपास सारखे दिसले. डोळ्याला सरळ पायऱ्या कळत नाहीत. १०, ४०, १६० केलं तेव्हा कुठे फरक उमटला. एरवी सगळं ४० वरच ठेवलंय. पूर्ण पांढऱ्यावर एक पिक्सेल ६० मिलिअँपपर्यंत खातो, पंधरांचे ९००. चाळीसवर मीटर सगळे मिळून दीडशेच्या थोडं वर दाखवतो. रात्री डोळ्यालाही तेच बरं.

चवथीला बहिणीची मुलं आली. आरती झाल्यावर धाकट्याने मुस्तफा लावला. दोन बटणं लाल-निळी पेटली, आणि त्याने काही न विचारता पहिला ठोसा बरोबर मारला. माझे तीन महिने तिथे वसूल झाले. मग त्याने पॅकमॅन लावला. १९८० चा गेम, फक्त जॉयस्टिकवर चालतो, बटण एकही नाही. तक्त्याप्रमाणे सगळं पॅनल गुडूप. पोराने आधी पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मामा, लाईट गेली?"

तेव्हापासून स्टार्ट आणि कॉइन कुठल्याही गेममध्ये मंद पिवळी ठेवतो. एक दुखणं अजून बाकी आहे. गेममधून बाहेर आल्यावर ऑनएंड स्क्रिप्टने पॅनल मूळ रंगावर यायला हवं, पण मेटल स्लगनंतर दुसऱ्या खेळाडूचं तिसरं बटण हिरवंच राहतं. फक्त तेच, आणि फक्त मेटल स्लगनंतर. तक्ता तीनदा तपासला. नरकासुराच्या कामातून तो पोरगा मोकळा झाला की त्यालाच पुन्हा दारात उभा करणार आहे.