कुंभार गल्लीत पाणी मागनं येतं

‘राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला, 1428 क्युसेक विसर्ग सुरू.’ पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर हा मेसेज फिरतोच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर पाणी. एवढं कळूनही 1428 चा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. म्हणून आमच्या तीन मिनिटांच्या अ‍ॅनिमेशन फिल्ममध्ये आम्ही 10 हजार लिटरचे पाण्याचे टँकर काढले. एका दरवाजातून दर सेकंदाला चार टँकर. दरवाजे सात, आणि तलाव भरला की ते पाण्याच्या दाबानंच उघडतात, तिथं कुणी बटण दाबत नाही. हे आमच्या जिल्ह्यातही अनेकांना ठाऊक नसतं.

ही फिल्म आम्ही जूनमध्ये शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत दाखवली. मूर्तींच्या कारखान्यात, अर्धवट गणपतींच्या रांगांमध्ये पांढरी चादर बांधून. इथल्या माणसांना पुराचं विज्ञान जिज्ञासेपोटी नको असतं. मूर्ती कधी हलवायच्या, हा त्यांचा प्रश्न. लवकर हलवल्या तर जागेचं भाडं आणि हमाली वाया, उशीर झाला तर वर्षाची कमाई पाण्यात. 2019 साली पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. हे आकडे इथं लहान पोरांनाही पाठ.

फिल्म संपली. कोपऱ्यात बसलेले एक वयस्कर मूर्तिकार म्हणाले, “ताई, आवाज बंद करा अन् परत लावा.”

लावली. ते उठून चादरीजवळ गेले. नदीचा आडवा छेद दिसतो तिथं त्यांनी हात वर केला. “थांबवा. हितं बगा. पंचगंगा चढली की जयंती नाल्याचं पाणी जाणार कुठं? नदी त्याला आत घेत न्हाई. मग त्ये उलटं फिरतंय. आपल्या गल्लीत पाणी नदीकडनं धावत येत न्हाई, मागनं, नाल्यातनं येतंय.” मग पुढच्या दृश्याकडे बोट केलं, पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीच्या संगमाकडे. “आन् तिकडं कृष्णा भरली की पंचगंगेची बी हीच गत.”

पाऊस उघडल्यावरही पातळी का चढत राहते, हे मला निवेदनातून सांगायला सहा वाक्यं लागली होती. त्यांनी एकाच नियमात सांगितलं. पुढचं भरलेलं असेल तर मागचं थांबतं, गल्लीपासून नृसिंहवाडीपर्यंत. तीन दिवसांचा पूर 20 सेकंदांत, तोही बाजूनं कापून, कुणालाच उभं राहून बघता येत नाही. ते काम चित्रानं केलं. बाकीचं त्यांना आयुष्यभराच्या पावसाळ्यांनी शिकवलं होतं. अ‍ॅनिमेशनकडून मला इतकंच हवं असतं, आणि ते इतकं स्वच्छ घडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर प्रोजेक्टर बंद होता तरी कुणी उठलं नाही. पोरं, बाया, कारागीर, सगळे एकाच गोष्टीवर बोलत होते : धोका पातळीची वाट बघायची नाही, 39 फुटांना मोठ्या मूर्ती हलवायला घ्यायच्या.

आम्ही त्या मूर्तिकार मामांचा आवाज त्यांच्याच कारखान्यात रेकॉर्ड केला. आमचं निवेदन काढून तो घातला. आता फिल्म कोल्हापुरातल्याच सुतारवाड्यात दाखवायची आहे, पण तिथं पाणी आधी कुठून शिरतं, ते तिथल्याच माणसाकडून ऐकून घेतल्यावर.