आपल्याच बीटवरून, पण डब्यात बसून

रेल्वेतला निरोप म्हणजे शाल, श्रीफळ, दोन भाषणं आणि समोसा. रूळ सांभाळणाऱ्या आमच्या गँगने कीमन काकांसाठी वेगळं ठरवलं: नागपूरच्या इतवारी स्टेशनहून सकाळच्या गाडीने रामटेक, संध्याकाळी परत. रूळ वाऱ्यावर सोडून सगळ्यांना निघता येत नाही, म्हणून शेजारच्या गँगने त्या दिवसाची बीट अंगावर घेतली. मी त्या सेक्शनची ज्युनिअर इंजिनिअर. काकांच्या लेकीच्या वयाची, तरी ते मला 'मॅडम'च म्हणायचे.

कीमन काय करतो, हे प्रवाशांना सहसा ठाऊक नसतं. रोज ठरलेली बीट पायी तपासायची; जाताना एक रूळ, येताना दुसरा. रूळ धरून ठेवणारी चावी सैल असेल तर हातोड्याने ठोकायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे, वेल्डला तडा गेलाय का बघायचं. पिशवीत लाल झेंडी आणि फटाके, रूळ तुटलेला दिसला तर गाडी थांबवायला. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा रूळ ६० च्या पुढे तापतो, फुगतो, वाकूही शकतो. म्हणून गावभर कूलर सुरू असतात नेमक्या त्या दुपारी आमची गस्त वाढते. काकांनी आयुष्यभर हेच केलं.

कामठी गेली, कन्हान नदीचा पूल गेला. कन्हानला मुख्य मार्ग गोंदियाकडे जातो आणि रामटेकची फांदी फुटते. पोरांनी डबे उघडले, कुणीतरी सांबारवडी पुढे केली. काकांनी चपला काढून दोन्ही पाय फरशीवर टेकवले होते. खाण्याकडे लक्षच नव्हतं.

डुमरी खुर्द मागे पडल्यावर ते एकदम म्हणाले, "मॅडम, इथं बसलं हाय." मला काहीच जाणवलं नव्हतं. खिडकीबाहेर न बघता त्यांनी किलोमीटर सांगितला, मी डायरीत लिहून घेतला.

ती काळी माती. पावसात मऊ पडते, गिट्टी खाली दबते आणि स्लीपर, म्हणजे रुळाखालची आडवी पट्टी, पोकळीवर लटकत राहतो. रिकामा रूळ मात्र वरून सरळच दिसतो. काका म्हणाले, "मी पायी जातो तं माह्या वजनानं थो दबन का? गाडी चढली का कळते." आम्ही याचसाठी इंजिनात किंवा शेवटच्या डब्यात बसून तपासणी करतो. ज्याला बीटचा इंच न् इंच माहीत, त्याला मात्र आम्ही त्याच्याच रुळावरून गाडीत कधी बसवत नाही. मला हे त्या दिवशी फार लागलं.

रामटेकला अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या चढलो. काका अंबाळ्यापर्यंत एकदाच आले होते, वडिलांच्या अस्थी घेऊन. गडावर कधीच नाही. त्रिपुरी पौर्णिमेला सगळं नागपूर इकडे लोटतं, तेव्हा त्यांची ड्यूटी असायची. वराहाची मूर्ती पाहून पोरं तिच्या पोटाखालून सरपटत निघाली. काका रमले ते केवल नरसिंहाच्या देवळात. ते वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं. तिथल्या शिलालेखात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा उल्लेख आहे, एवढं मी त्यांना सांगितलं. त्यांनी दगडांचे सांधे बोटाने चाचपले आणि विचारलं, "येचं पॅकिंग कोन पाहात असन?" पॅकिंग म्हणजे स्लीपरखाली गिट्टी ठासून भरणं. अगदी मनापासून विचारलं होतं. मग वरच्या तटावरून गाव, तलाव, पलीकडचा खिंडसी तलाव असं सगळं दाखवून झाल्यावरही ते झाडीत रूळ शोधत राहिले.

परत येताना त्याच किलोमीटरला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी गचका मलाही कळला.

दुसऱ्या दिवशी गिट्टी उपसून पाहिली. लागोपाठचे स्लीपर पोकळ निघाले. काकांनी उभं राहून पॅकिंग करून घेतलं. त्यांच्या नोकरीचे थोडेच दिवस उरले होते. त्यांच्या जागी आलेल्या पोराला मी पहिल्याच आठवड्यात रामटेकच्या गाडीत बसवलं, चपला काढून.