आमच्या वाडीत माणसं किती? – माझा अनुभव

वाडीत अंगणवाडी हवी म्हणून लोकसंख्येचा दाखला जोडायचा, काम एवढंच. रत्नागिरी जिल्ह्यातली आमची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. पावसाळ्यात पऱ्या भरला की लहान पोरांना गावातल्या अंगणवाडीत पाठवायला कुणी धजत नाही. ग्रामीण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० ला मिनी, हा निकष. अर्ज, ठराव, जागेचं संमतिपत्र, सगळं झालं.

अडलं तालुक्याच्या कार्यालयातल्या एका टेबलावर. "२०११ च्या जनगणनेनुसार वाडीची लोकसंख्या लावा." अहो, जनगणनेचे आकडे महसुली गावाचे असतात! कुटुंबं, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, साक्षर, शेतकरी, शेतमजूर, सगळं गावाच्या नावापुढे एका ओळीत. वाड्या त्यातच मिसळलेल्या. हे समजावलं तर साहेब चष्मा वर करून म्हणाले, "मग गावाच्या आकड्याला वाड्यांनी भागा." गावठाणात घराला घर लागून, आमच्याकडे निम्मी दारं कुलपात, आणि भागाकार मात्र सारखा! असल्या दाखल्यावर कुठला ग्रामसेवक सही करेल?

बरं, बाकीची दप्तरं पाहावीत तर प्रत्येकाचं गणित वेगळं. मतदार यादीत मुंबईला स्थायिक झालेलेही आहेत. रेशनकार्डावर सासरी गेलेल्या मुली अजून आहेत. नमुना ८ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, घरं मोजलेली, माणसं नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तर तेच साहेब, तेच वाक्य. "लेखी द्या" म्हटलं की "उद्या या". राग आवरणं कठीण झालं होतं, खोटं कशाला सांगू.

२०११ ची गणना झाली फेब्रुवारीत, १ मार्च या संदर्भ तारखेसाठी. त्या वर्षी शिमगा आला १९ मार्चला. चाकरमानी तेव्हा मुंबईत, त्यांची मोजणीही तिकडेच. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या त्या काही उगाच नाही. २००१ ला १६ लाख ९६ हजारांवर असलेला जिल्हा २०११ ला १६ लाख १५ हजारांवर आला. शिमग्याच्या पालखीला मोजणी केली असती तर आमची वाडी गावठाणाला भारी पडली असती!

शेवटी वाट दाखवली अंगणवाडी सेविकाताईंनी. त्यांच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या नोंदवहीत वाडीवार, घरवार नावं असतात. कोण इथे राहतं, कोण फक्त गणपतीला येतं, त्यांना तोंडपाठ. त्यावरून वाडीची यादी केली, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या यादीशी ताडली, खाली ग्रामसेवक आणि सरपंचांच्या सह्या. सोबत जनगणनेचा गावाचा आकडाही लावला, म्हणजे टेबलाचं समाधान. हा कागद साहेबांना न देता थेट आवक विभागात दिला आणि पोच घेतली. हे आधी करा, डोकं शांत राहील.

हो, ठरावाची नक्कल सही-शिक्क्याचीच न्या, नुसती झेरॉक्स परत येते. आणि जनगणनेची ओळ काढताना गावाचा सहा अंकी कोड जवळ ठेवा. एकाच नावाची गावं कितीतरी निघतात.

प्रस्ताव आता जिल्हा परिषदेत गेलाय. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे याही वेळी शिमग्याच्या आधीच!