अधिक एकचा नंबर

युरोपात सोमवार हा टूर मॅनेजरचा वैरी. बरीचशी सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. हे मला ठाऊक होतं, ऑफिसात कार्यक्रमपत्रिका टाइप करणाऱ्याला नव्हतं. 2018 च्या मे महिन्यातल्या त्या टूरला त्याने फ्लॉरेन्सच्या पानावर सोमवारी सकाळी अकराला 'उफीझी गॅलरी' टाकून दिलं होतं, आणि निघण्याआधी मी ते पान नीट वाचलं नव्हतं. म्हणजे निम्मी चूक माझीच.

तर सोमवार, सकाळचे अकरा, आर्नो नदीचा काठ, वर पाऊस आणि माझ्यामागे रंगीत रेनकोट घातलेली एकतीस मराठी माणसं. कोचला शहराच्या आत येऊ देत नाहीत, त्यामुळे ड्रायव्हर आम्हाला सोडून निघून गेलेला. गॅलरीच्या बंद दारासमोर उभं राहून मी जे सांगायचं ते सांगितलं. थोडी कुरकुर झाली. एक आजोबा म्हणाले, "पैसे परत मिळतील का?" मी ऑफिसला कळवते म्हटलं. वीस जण चामड्याच्या पर्सा बघायला बाजाराकडे निघाले. उरले अकरा. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाला खरेदीचा कंटाळा होता, आणि एका काकूंना फक्त स्वच्छतागृह हवं होतं.

"इथे मागेच एक संग्रहालय आहे," मी म्हटलं. "सोमवारीही उघडं असतं. स्वच्छतागृह चांगलं आहे."

उफीझीच्या शेजारी, नदीला लागून, म्युझेओ गॅलिलेओ हे विज्ञानाच्या जुन्या उपकरणांचं संग्रहालय आहे. भारतीय टूर तिथे सहसा जात नाहीत. मी मात्र फ्लॉरेन्सला मोकळा तास मिळाला की जाते. बीएस्सी फिजिक्स करून पुढे काही न केलेल्या माणसाच्या मनात एक रुखरुख राहून गेलेली असते, त्यातला प्रकार.

त्या अकरांत मिरजेचे एक काका होते. वय चौऱ्याहत्तर, चष्म्याचं दुकान, आता मुलगा बघतो. सगळ्या टूरभर ते फारसं बोलले नव्हते. व्हेनिसमध्ये एका बाईंच्या चष्म्याची दांडी निघाली, तेव्हा त्यांनी खिशातून नखाएवढा पेचकस काढून गोंडोला सुटायच्या आत ती बसवून दिली होती. तेवढीच काय ती ओळख.

पहिल्या मजल्यावर एक सोनेरी प्रचंड गोल आहे. दोन पुरुष उंच, अडीच मीटर रुंद, लाकडी कड्यांत कडी अडकवलेली. अंतोनियो सांतुच्ची नावाच्या माणसाने 1588 ते 1593 अशी पाच वर्षं खपून तो फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या ड्यूकसाठी बनवला. हे त्या काळचं विश्व. मधोमध पृथ्वीचा गोळा, त्याभोवती चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी यांची कडी आणि सगळ्यांत बाहेर तारे. कोपर्निकसचं सूर्याला मध्यावर बसवणारं पुस्तक 1543 मध्येच छापून झालं होतं, पण पन्नास वर्षांनी हा सोन्याचा मुलामा चढला तो पृथ्वी मध्ये असलेल्या विश्वावरच. गोल पुरा झाला तेव्हा गॅलिलिओ पादुआत गणिताचा प्राध्यापक होता आणि वर्गात हेच शिकवत होता.

"आपल्याकडे आर्यभटाने हजार वर्षं आधीच सांगून ठेवलंय," एक निवृत्त सर म्हणाले. प्रत्येक टूरमध्ये एक सर असतातच. मी म्हटलं, सर, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्याने सांगितलं हे खरंच. नावेतल्या माणसाला काठ मागे पळताना दिसतो, तसे तारे, हा दृष्टान्तही त्याचाच. पण ग्रहांच्या मध्ये त्याने पृथ्वीच ठेवली होती. सर गप्प झाले, पण पटलेलं दिसलं नाही.

खरं तर मला इतकंही बोलायची मुभा नाही. इटलीत संग्रहालयात माहिती द्यायला परवानाधारक स्थानिक गाइड लागतो, आमच्यासारख्यांनी झेंडा धरायचा आणि माणसं मोजायची. म्हणून पुढच्या दालनांत मी हळू आवाजात, गप्पा मारल्यासारखं बोलत होते.

गॅलिलिओच्या दालनात सगळ्यांत आधी लोक बोटाकडे जातात. 1737 मध्ये त्याचे अवशेष सांता क्रोचे चर्चमधल्या नव्या कबरीत हलवले, तेव्हा एका भक्ताने उजव्या हाताचं मधलं बोट काढून घेतलं. ते काचेच्या अंड्यात उभं ठेवलंय. एका काकूंनी सवयीने नमस्कार केला, मग कसलं बोट ते कळल्यावर हात झटकले. फोटो काढून झाले. मिरजेचे काका मात्र बोटाकडे फिरकलेच नाहीत. ते दोन दुर्बिणींसमोर उभे होते. गॅलिलिओने बनवलेल्या म्हणून खात्रीने सांगता येतात अशा या दोनच उरल्यात. एक लाकूड-चामड्याची, दुसरी लाकूड आणि कागदाची. दिसायला कागदी नळकांडी गुंडाळून ठेवल्यासारख्या.

"बाई, हिच्या पुढच्या भिंगाचं फोकल लेंथ लिहिलंय का कुठे?"

भिंगातून गेलेला उजेड किती लांब एकवटतो, ते अंतर काका विचारत होते. मी फोनवर संग्रहालयाचं पान उघडलं. "980 मिलिमीटर, काका."

"म्हणजे एक मीटर." ते थांबले. "म्हणजे अधिक एक?"

मला कळलं नाही.

"अहो, एकाला मीटरातल्या फोकल लेंथने भागलं की काचेचा नंबर. अधिक एकचा नंबर! चाळिशी! बेचाळीस वर्षांचा माणूस दुकानात येतो, पेपर लांब धरून वाचतो, त्याला मी जी पहिली काच देतो ती ही. आणि डोळ्याकडची?"

डोळ्याकडचं मूळ भिंग हरवलंय, आता आहे ते नंतर बसवलेलं अंतर्गोल भिंग, साडेसत्तेचाळीस मिलिमीटर फोकल लेंथचं, असं पानावर होतं. काकांनी मनात भागाकार केला. "उणे एकवीस. जाड भिंगाचा चष्मा, डोळा बारीक दिसतो तो. एकवीस भागिले एक. एकवीसपट दिसत असणार."

पानावर लिहिलं होतं: 21 पट.

गेली बारा वर्षं मी त्या दुर्बिणीसमोर उभी राहिले होते. ती चष्म्याच्या दोन काचांची आहे हे पुस्तकी माहितीने मला ठाऊकही होतं. 1608 मध्ये हॉलंडात पेटंट मागायला गेलेला लिपरहे चष्मेवालाच होता. पण तिला नंबर असतो हे मला कधी सुचलं नाही.

मग मी काकांना ती यादी दाखवली. 1609 च्या नोव्हेंबरात, गॅलिलिओला आलेल्या एका पत्राच्या कोऱ्या जागेवर त्याने व्हेनिसहून आणायच्या सामानाची यादी खरडली होती. मुलासाठी टोपी. हरभरे, तांदूळ, मनुका, साखर, मिरी, लवंग, दालचिनी. आणि त्यातच तोफेचे दोन गोळे, ऑर्गन वाद्याची कथलाची नळी, घासलेली जर्मन काच, आरशाचे तुकडे, त्रिपोली माती, राळ, फेल्ट. इतिहासकारांनी या यादीवर बरंच लिहिलंय. काकांनी दोन मिनिटांत ती उलगडली.

"नळी दुर्बिणीला. गोळा कशाला, कळलं का? काच बहिर्गोल करायची तर साचा खोलगट लागतो, अंतर्गोल करायची तर फुगीर. साच्याचा बाक अचूक पाहिजे आणि तोफेचा गोळा आयता गोल मिळतो. राळ तापवून काच मुठीला चिकटवायची, आम्ही डांबर वापरायचो. आधी जाड एमरीने घासायची, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटी फेल्टवर पॉलिश. त्याची त्रिपोली, आमचं लाल रूज. मी सोळाव्या वर्षी लागलो ना कामाला, तेव्हा मिरजेत मशीन कुठलं? हातानेच. दिवसाला चार काचा चांगल्या निघाल्या तर मालक चहा पाजायचा."

"त्याच्या साठातल्या मोजक्याच निघाल्या," मी म्हटलं. 1610 च्या मार्चमध्ये गॅलिलिओने स्वतःच लिहिलंय, साठाहून जास्त दुर्बिणी बनवल्या, पण आकाशातलं सगळं दाखवतील अशा अगदी थोड्या.

"निघणारच. काठ पडतो ना." काका काचेच्या कपाटाकडे वाकले. "हाताने घासताना मध्य बरा येतो, काठाला हात जास्त दाबतो, बाक बिघडतो. ही बघा, भिंगाच्या तोंडावर चकती लावलीय."

भिंग 37 मिलिमीटरचं, पण उघडं ठेवलेलं तोंड फक्त 15 मिलिमीटर. काठ झाकून टाकलेला. उजेड कमी झाला, पण चित्र स्वच्छ झालं. एका वेळी चंद्राचाही जेमतेम तुकडा दिसेल एवढीच ती खिडकी.

एव्हाना सगळे अकरा जण आमच्याभोवती जमले होते. काका हातवारे करून, नसलेल्या मुठीवर नसलेली काच फिरवत सांगत होते. दालनातल्या पहारेकरी बाई आमच्याकडे आल्या. माझ्या पोटात गोळा. "गुईदा?" त्यांनी काकांकडे बोट करून विचारलं. गाइड का?

"नो, नो," मी म्हटलं. "ओत्तिको." चष्मेवाला.

बाई काही क्षण काकांच्या हातांकडे बघत राहिल्या. मग गेल्या आणि स्वतःची खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली.

तिथेच बाजूला, हस्तिदंताच्या नक्षीदार चौकटीत, एक तडकलेलं भिंग आहे. चौकट 1677 ची. भिंग त्या दुर्बिणीचं, जिने 1610 च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले असं परंपरा सांगते. ते मी काकांना नीट सांगितलं, कारण आता त्यांना ऐकायचं होतं. 7 जानेवारीच्या रात्री गुरूजवळ तीन बारीक तारे दिसले, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. गॅलिलिओला वाटलं, असतील मागचे तारे. 8 तारखेला पाहिलं तर तिन्ही पश्चिमेला. 9 ला आभाळ. 10 ला दोनच, दोन्ही पूर्वेला. 13 ला चार. तारे असे घर बदलत नाहीत. मार्चच्या 13 तारखेला व्हेनिसमध्ये त्याचं छोटं पुस्तक छापून बाहेर पडलं, साडेपाचशे प्रती.

"पण त्याने पृथ्वी फिरते हे कुठे सिद्ध झालं?" सरांनी विचारलं. प्रश्न चोख होता, मला तेव्हा सर आवडले.

नाही झालं. पण कोपर्निकसवर एक आक्षेप होता: पृथ्वी धावत असेल तर तिचा चंद्र मागे कसा राहत नाही? गुरू तर धावतो हे सगळ्यांनाच मान्य होतं, आणि तो चार-चार घेऊन धावताना दिसला. शिवाय सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं, ही समजूत संपली. पुढे त्याच वर्षाअखेर शुक्राच्या चंद्रासारख्या कला दिसल्या, म्हणजे तो सूर्याभोवती फिरतो हे दिसलं, तेव्हा काही दालनं मागचा तो सोनेरी गोल खरा मोडला. तरी पृथ्वी स्थिर ठेवून बाकी ग्रह सूर्याभोवती फिरवण्याची खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची तडजोड शिल्लक होतीच, आणि पुष्कळ हुशार माणसं तिला धरून होती. चर्चने 1633 मध्ये गॅलिलिओला गुडघ्यावर बसवलं ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ही मधली घासाघीस कोणी सांगत नाही.

"आणि लोकांना दिसले का ते चंद्र?" काकांनी विचारलं.

एप्रिलमध्ये तो दुर्बीण घेऊन बोलोन्याला गेला. तिथल्या विद्वानांनी रात्री डोळे लावले, आणि त्यांना धड काही दिसलं नाही. जमिनीवरचं छान दाखवते, आकाशातलं खोटं दाखवते, असं एकाने खगोलशास्त्रज्ञ केप्लरला कळवलं.

काका हसले. पहिल्यांदाच. "अहो, एकाच्या डोळ्याला बसवलेली काच दुसऱ्याला कशी चालेल? प्रत्येकाचा नंबर वेगळा. आणि ती इवलीशी खिडकी, म्हातारे डोळे, थरथरता हात. विद्वान होते हो, पण त्यांना बघायला कोणी शिकवलं होतं?"

संध्याकाळी पाऊस थांबला. हॉटेल शहराबाहेर, हायवेच्या कडेला. साडेनऊनंतर कोचमधून उतरलो तेव्हा आग्नेयेला, पार्किंगच्या दिव्यांच्या वर, गुरू लखलखत होता. त्या मे महिन्यात तो सूर्याच्या बरोबर समोर होता, रात्रभर दिसायचा. ठाण्याच्या एका जोडप्याने स्वित्झर्लंडमधल्या टिटलिसचा बर्फ बघायला म्हणून दुर्बीण आणली होती, साधी, दहापटीची. काकांनी ती मागून घेतली, सामानाच्या ट्रॉलीच्या दांड्यावर टेकवली आणि रांग लावली. "तुमचा नंबर काय? उणे दोन? चष्मा काढा, हे चाक फिरवा, श्वास रोखून धरा." सरांना तीन दिसले. पर्सवाल्या गटातल्या एकीला दोन. नमस्कारवाल्या काकूंना लांबट डाग दिसला आणि त्यांनी तसं ठणकावून सांगितलं. ड्रायव्हर सिगारेट विझवून रांगेत उभा राहिला.

सगळ्यांचं झाल्यावर काकांनी पाहिलं, बराच वेळ. मग त्यांनी खिशातून कार्यक्रमपत्रिका काढली आणि उफीझीच्या पानाच्या पाठीमागे एक गोल काढून शेजारी टिंबं दिली. खाली वेळ लिहिली.

दुसऱ्या रात्री रोमच्या भारतीय हॉटेलात जेवणं चालली होती. काका मधेच उठून दारापर्यंत जाऊन आले. बाहेर गच्च आभाळ होतं.

"नऊ जानेवारी," ते मला म्हणाले, आणि कढी वाढून घ्यायला गेले.